घरातला माणूस आणि डेटा संरक्षण कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा संरक्षणाचा कायदा म्हटला की कंपन्या, बँका आणि सरकारी खाती डोळ्यांपुढे येतात. मला मात्र विचारणा होते ती दारावरच्या कॅमेऱ्याची, कुटुंबाच्या ग्रुपवरच्या फोटोंची आणि मावशीने परस्पर दुसऱ्याला दिलेल्या नंबरची. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत मुख्यतः दोन कायदे येतील: भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ (पुढे ‘भारतीय कायदा’) आणि २५ मे २०१८ पासून लागू असलेला युरोपीय संघाचा जीडीपीआर (जनरल डेटा प्रोटेक्शन रेग्युलेशन). प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत शिरतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या फोनमध्ये शेकडो लोकांचे नंबर, वाढदिवस, फोटो आहेत. मला हा कायदा लागू होतो का?

नाही. भारतीय कायद्याचे कलम ३ सांगते की एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या डेटाला हा कायदा लागू नाही. जीडीपीआरच्या अनुच्छेद २ मध्येही अशीच सूट आहे. पत्रव्यवहार आणि पत्त्यांची वही ही तिची उदाहरणे खुद्द जीडीपीआरच्या प्रस्तावनेतच दिली आहेत. मित्राचा नंबर जतन करायला त्याची लेखी संमती लागत नाही, आणि त्याने ‘माझा नंबर काढून टाक’ म्हटले तर ऐकायचे की नाही हा मैत्रीचा प्रश्न आहे, कायद्याचा नाही.

२. ‘वैयक्तिक किंवा घरगुती’ म्हणजे नेमके काय? घराच्या चार भिंतींच्या आत केलेले सगळे?

इथेच बहुतेकांची गफलत होते. सूट जागेला नाही आणि माणसालाही नाही. ती कामाला आहे. बागेत बसून भावाला पाठवलेला फोटो घरगुती असतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ग्राहकांची यादी बनवली तर ते घरगुती नसते. तोच माणूस, तोच फोन, तोच दिवस, पण सकाळच्या कामाला सूट आणि दुपारचे कायद्यात, असे सर्रास होते.

दोन्ही कायद्यांत एका शब्दाचा फरक आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. जीडीपीआर म्हणतो ‘निव्वळ’ वैयक्तिक किंवा घरगुती. भारतीय कायद्यात ‘निव्वळ’ नाही, ‘कोणत्याही वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी’ असे आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने (पुढे ‘युरोपीय न्यायालय’) त्या एका शब्दाच्या आधारे सूट बरीच आवळली (प्रश्न ८). त्यामुळे तिथले निकाल वाचून ‘भारतातही हेच’ असे म्हणता येत नाही. युक्तिवादाला मात्र ते उपयोगी पडतात.

३. मी सगळे कागदी वहीत लिहितो. मग तर प्रश्नच नाही ना?

भारतीय कायद्यापुरता नाही. तो फक्त डिजिटल डेटाला लागू होतो, म्हणजे डिजिटल स्वरूपात गोळा केलेल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या. वहीचे पान स्कॅन केले की ते डिजिटल झाले. जीडीपीआरचा आवाका मोठा आहे: ठरावीक पद्धतीने लावून ठेवलेली कागदी नोंदही त्यात येते. अर्थात दोन्हीकडे, नोंद घरगुती असेल तर आधी सूट लागू होते.

४. घरूनच छोटा व्यवसाय करते. विद्यार्थ्यांचे नाव, वय, पालकांचे नंबर एका फाइलमध्ये ठेवते. मी तर ‘व्यक्ती’च आहे.

व्यक्ती आहात, पण काम घरगुती नाही. शिकवण्या, शिवणकाम, घरून विक्री, खोली भाड्याने देणे: उत्पन्नासाठी ठेवलेला दुसऱ्यांचा डेटा सुटीत बसत नाही. भारतीय कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘डेटा फिड्युशरी’ झालात, म्हणजे डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणारी व्यक्ती. त्यासाठी कंपनी असावी लागत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. भारतीय कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि बालकाचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. जीडीपीआरमध्ये मुलाने ऑनलाइन सेवेसाठी स्वतः संमती देण्याचे वय १६ आहे, सदस्य देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येते.

घाबरून जाऊ नका, फाइल मात्र आवरा. लागते तेवढेच ठेवा, कशासाठी ठेवता ते पालकांना सांगा, आणि शिकवणी सोडून गेलेल्यांच्या नोंदी काढून टाका. भारतीय कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, सूचना, सुरक्षितता यांची मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात येतील असे ठरले. सवय लावायला तेवढा अवधी पुरेसा आहे.

५. मित्रांचा फोटो सोशल मीडियावर टाकला तर ती घरगुती गोष्ट राहते का?

किती लोकांपर्यंत पोचतो यावर बरेच अवलंबून आहे. यातला मूळ निकाल ६ नोव्हेंबर २००३ चा. स्वीडनमधल्या एका चर्चमध्ये स्वयंसेवी काम करणाऱ्या बाईंनी १९९८ च्या शेवटी घरच्या संगणकावर वेबपाने तयार केली आणि त्यांत सहकाऱ्यांविषयी गमतीच्या सुरात लिहिले: कोण काय करतो, कोणाचे छंद काय. एका सहकारी स्त्रीच्या पायाला दुखापत झाली आहे आणि ती वैद्यकीय कारणाने अर्धवेळ काम करते, हेही लिहिले. हेतू निर्मळ होता, पैशांचा संबंध नव्हता, आणि तक्रार कानावर येताच त्यांनी पाने काढूनही टाकली. तरी युरोपीय न्यायालय म्हणाले की इंटरनेटवर अमर्याद लोकांना दिसेल असे काही टाकले की ते खासगी किंवा कौटुंबिक आयुष्यातले राहत नाही. पायाची दुखापत ही आरोग्याविषयीची संवेदनशील माहिती ठरली, ते वेगळेच.

हा निकाल जीडीपीआरच्या आधीच्या, १९९५ च्या नियमांवरचा आहे. जीडीपीआरच्या प्रस्तावनेत नंतर समाजमाध्यमांचा वापर घरगुती कामात येऊ शकतो असे स्पष्ट लिहिले गेले. दोन्ही एकत्र वाचले तर ढोबळ रेषा अशी निघते: ओळखीच्या मोजक्या लोकांपुरत्या बंद खात्याला सूट, सगळ्या जगाला खुल्या खात्याला नाही. दीड हजार ‘मित्र’ असलेले बंद खाते कुठे बसते? मला विचाराल तर त्याला घर म्हणणे अवघड आहे.

६. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन म्हणून माझी काही जबाबदारी आहे का?

कुटुंबाच्या किंवा जुन्या मित्रांच्या ग्रुपची नाही. ग्रुप कोणाच्या वतीने चालतो हे आधी पाहा. रहिवाशांची संघटना, क्रीडा मंडळ किंवा पालकांची समिती हा ग्रुप चालवत असेल, तर डेटा त्या संस्थेचा आहे आणि घरगुती सूट संस्थेला कधीच मिळत नाही. भारतीय कायद्यात ती ‘व्यक्तीला’ आहे. थकबाकीदारांची नावे ग्रुपवर टाकणाऱ्या सचिवाला ‘मी माझ्या फोनवरून टाकले’ असे म्हणून सुटता येणार नाही.

याचे टोकाचे उदाहरण १० जुलै २०१८ चे आहे. फिनलंडमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाचे प्रचारक दारोदार फिरताना भेटलेल्या लोकांविषयी स्वतःसाठी टिपणे ठेवत. युरोपीय न्यायालयाने ती घरगुती मानली नाहीत, कारण हे काम मुळातच प्रचारकाच्या खासगी वर्तुळाबाहेरच्या लोकांकडे वळलेले होते. वही प्रत्येकाची स्वतःची असली तरी.

७. आजी नातवंडांचे फोटो सार्वजनिकरीत्या टाकते, आईवडिलांना नको आहे. कायदा मध्ये पडतो का?

नेदरलँड्समध्ये पडला. मे २०२० मध्ये गेल्डरलंडच्या न्यायालयाने एका आजीला नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवरून काढायला सांगितले. खाते नीट बंद होते आणि फोटो शोधयंत्रांना सापडू शकत नव्हते हे दिसत नसल्यामुळे घरगुती सूट मिळाली नाही. आदेश मोडल्यास रोज ५० युरो, कमाल १,००० युरो असा दंड ठरला. रक्कम लहान, पण प्रकरण नात्यातले होते आणि ते न्यायालयापर्यंत गेले, यावरून घरात काय चालले असेल ते कळते.

मुलाच्या फोटोबद्दल कायद्याच्या नजरेत आधी आईवडिलांचा शब्द. आजी, काका, आत्या यांनी विचारून टाकावे. आईवडिलांचेच एकमेकांत पटत नसेल तर ते भांडण डेटा कायद्यापेक्षा ताब्याच्या आणि पालकत्वाच्या कायद्यात सुटते.

८. दारावर किंवा छपराखाली कॅमेरा लावला. काय पाळायचे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

कॅमेऱ्यात फक्त तुमची हद्द दिसत असेल, म्हणजे कुंपणाच्या आतली बाग, स्वतःचे दार, स्वतःची गाडी, तर युरोपातही काम घरगुती मानले जाते. कुंपणाच्या आतल्या बागेवर नजर ठेवण्याचे उदाहरण युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःच दिले आहे. सहलीत काढलेला व्हिडिओ मित्रांना दाखवण्यालाही त्याच सूचनांत सूट आहे, मागून अनोळखी माणसे जाताना दिसत असली तरी.

कॅमेऱ्यात रस्ता किंवा समोरचे घर आले की गोष्ट बदलते. चेक प्रजासत्ताकातल्या एका माणसाच्या घराच्या खिडक्या वारंवार फुटत होत्या, कुटुंबावर हल्ले होत होते. त्याने वळचणीला कॅमेरा लावला. त्यात त्याचे दार, पायवाट आणि समोरच्या घराचे दार एवढे येत होते. ऑक्टोबर २००७ मध्ये गलोलीने पुन्हा खिडकी फुटली. चित्रीकरण पोलिसांना दिले आणि दोन संशयित सापडले. त्यांतल्या एकाने उलट कॅमेऱ्यावरच तक्रार केली आणि दंड झाला तो घरमालकाला. ११ डिसेंबर २०१४ ला युरोपीय न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक जागेकडे रोखलेला कॅमेरा ‘निव्वळ’ घरगुती नाही.

पुष्कळ जण गोष्ट इथेच थांबवतात आणि ‘चोर सुटला, घरमालक अडकला’ असे सांगत फिरतात. त्याच निकालात पुढे असेही आहे की कुटुंबाचे जीवित, आरोग्य आणि मालमत्ता यांचे रक्षण हे रास्त हित आहे आणि ते विचारात घ्यायला हवे. म्हणजे कॅमेऱ्यावर बंदी नव्हे, फक्त सूट नाही. सूट नसली की पाटी लावणे, चित्रीकरण लवकर पुसणे, दिसलेल्या माणसाने मागितल्यास त्याचा भाग दाखवणे, ही कामे गळ्यात पडतात.

आवाजाबाबत अधिक जपा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात शेजाऱ्यांच्या भांडणातले कॅमेरे आणि दारावरची व्हिडिओ बेल तपासली गेली. लांबवरचे संभाषण टिपणारा मायक्रोफोन न्यायाधीशांना विशेष खटकला: गुन्हा रोखण्याचे काम त्याच्यावाचूनही होऊ शकत होते. बहुतेक उपकरणांत आवाज वेगळा बंद करता येतो. कॅमेऱ्याची दिशा वळवणे आणि चित्राचा काही भाग झाकणेही जमते. बसवणाऱ्या माणसाकडून हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

९. शेजाऱ्याचा कॅमेरा थेट माझ्या खिडकीकडे आहे. तक्रार कुठे?

आधी शेजाऱ्याकडे, आणि त्याच्याच पडद्यावर नेमके काय दिसते ते बघायला मागा. निम्म्या वेळा कॅमेरा वाटतो तसा रोखलेला नसतो. खरेच घराच्या आतले दिसत असेल, तर युरोपात देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे जाता येते. भारतात शेजारी ‘घरगुती कारण’ पुढे करील आणि डेटा कायद्याची वाट लांब पडेल. त्यापेक्षा इतर कायदे जवळचे आहेत: संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचे चित्र टिपणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणे, चित्रित करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येते. केवळ त्रासदायक रोखाच्या कॅमेऱ्यासाठी दिवाणी दावा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, त्याचा आधार तिथे घेता येतो.

१०. घरातल्या खोल्यांत कॅमेरा आहे. मूल सांभाळायला येणाऱ्या बाईंना सांगायला हवे का?

हो. तुमच्या बाजूने ते घरगुती आहे असा युक्तिवाद भारतात करता येईल, पण तिच्यासाठी ती कामाची जागा आहे आणि युरोपात नेमक्या याच कारणाने सूट डळमळते. पहिल्याच दिवशी सांगा, कॅमेरा दाखवा. न्हाणीघर आणि तिची विश्रांतीची जागा पूर्णपणे वगळा. त्यात चूक झाली तर सरळ फौजदारी कायद्याशी गाठ आहे (प्रश्न ९). तिच्या ओळखपत्राची प्रत फोनमध्ये ठेवली असेल तर ती इतरांना पुढे पाठवू नका. आणि ज्या एजन्सीने तिला पाठवले तिच्याकडे कोणतीही घरगुती सूट नाही.

११. मला सूट आहे, तर मी वापरतो त्या ॲपला आणि स्मार्ट स्पीकरलाही सूट मिळते का?

मुळीच नाही. जीडीपीआरची प्रस्तावना हे स्पष्ट सांगते: घरगुती कामासाठी साधने पुरवणाऱ्यांना कायदा लागू आहेच. तुम्ही कॅमेऱ्यात काय टिपता ते घरगुती, पण ते साठवणारी क्लाउड कंपनी पूर्णपणे कायद्यात. तुमच्या आवाजाची प्रत मागणे, ती पुसायला लावणे, हे हक्क तिच्यासमोर वापरा.

अवघड मुद्दा संपर्कयादीचा. ॲपला ती वाचू दिली की दुसऱ्यांचे नंबर कंपनीकडे जातात, आणि त्यांनी तर हो म्हटलेले नसते. २०१७ मध्ये जर्मनीतल्या बाड हर्सफेल्डच्या स्थानिक न्यायालयाने एका आईला मुलाच्या संपर्कयादीतल्या सगळ्यांची लेखी संमती आणायला सांगितले होते. निकालावर खूप टीका झाली आणि व्यवहारात तो कोणी पाळील असे मला वाटत नाही. पण ॲपने संपर्क मागितले की ‘नको’ दाबून पाहावे. बहुतेक ॲप तरीही चालतात.

१२. फोनवरचे बोलणे गुपचूप रेकॉर्ड केले. डेटा कायदा मोडला का?

स्वतःचेच बोलणे स्वतःसाठी ठेवले तर भारतात डेटा कायद्याचा सहसा संबंध नाही. काही देशांत मात्र ते फौजदारी गुन्हा आहे, जर्मनीत उदाहरणार्थ. पुरावा म्हणून चालेल का हा तिसराच प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक खटल्यात जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचे गुपचूप रेकॉर्डिंग पुरावा म्हणून ग्राह्य धरले. त्याचा अर्थ ते ग्रुपवर फिरवायला मोकळीक मिळाली असा नाही.

१३. तिनेच आपली माहिती जगजाहीर केली होती. मी फक्त पुढे पाठवली.

भारतीय कायद्यात ही वेगळी सूट आहे: व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या डेटाला कायदा लागू नाही. समाजमाध्यमावर मते मांडताना स्वतःची माहिती उघड करणाऱ्या स्त्रीचे उदाहरण कायद्यातच दिले आहे. ‘स्वतः’ या शब्दाकडे मात्र लक्ष द्या. तिच्या मैत्रिणीने टाकलेला फोटो, बंद गटातला स्क्रीनशॉट, कोणीतरी फोडलेली यादी हे या सुटीत बसत नाही. जीडीपीआरमध्ये अशी सरसकट सूट नाहीच, उघड माहितीलाही नियम लागू राहतात.

१४. पोलिसांचा किंवा अधिकाऱ्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला तर?

लाटव्हियात एकाने पोलीस ठाण्यात आपला जबाब नोंदवतानाचे चित्रण यूट्यूबवर टाकले. युरोपीय न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २०१९ च्या निकालानुसार ते घरगुती नव्हते (कारण प्रश्न ५ मधलेच), पण ते पत्रकारितेचा भाग ठरू शकते. त्यासाठी पेशाने पत्रकार असण्याची अट नाही. जीडीपीआर पत्रकारितेसाठी वेगळी तरतूद करायला सांगतो. भारतीय कायद्यात पत्रकारितेची स्वतंत्र सूट नाही. त्या कायद्यातल्या सर्वाधिक टीका झालेल्या जागांपैकी ही एक.

१५. कुटुंबाची वंशावळ करतोय. गेलेल्या माणसांची माहिती चालते?

जीडीपीआर मृतांना लागू नाही. भारतीय कायद्यात आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क कोणी वापरावेत याचे नामनिर्देशन करता येते. घरापुरती वंशावळ निर्धास्त करा. ऑनलाइन खुली ठेवणार असाल तर हयात लोकांची जन्मतारीख, पत्ता, घटस्फोट, आजार गाळा. पणजोबांच्या आनुवंशिक आजाराची नोंद त्यांच्या हयात पणतवंडांबद्दलही बोलते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

१६. भावाने माझे जुने फोटो ठेवलेत. ‘माझा डेटा पुसा’ अशी कायदेशीर मागणी करू का?

करून उपयोग नाही. भावाला सूट आहे (प्रश्न १). त्याने ते उघड टाकले असतील तर प्रश्न ५ पाहा. धमकीसाठी वापरत असेल तर थेट पोलीस.

१७. २५० कोटींचा दंड माझ्यासारख्याला होऊ शकतो?

तो आकडा भारतीय कायद्यातली कमाल मर्यादा आहे, डेटा सुरक्षित न ठेवल्याबद्दलची, आणि सूट असलेल्या माणसाला तो लागूच नाही. सुटीबाहेर गेलात तरी उल्लंघन किती गंभीर, किती काळ चालले, त्यातून काय मिळवले हे पाहूनच रक्कम ठरते. सामान्य माणसावर थेट येऊ शकणारा आकडा वेगळा आहे, तो फारसा कोणी वाचत नाही: कलम १५ प्रमाणे डेटा ज्याचा आहे त्याचीही कर्तव्ये आहेत. दुसऱ्याच्या नावाने वावरणे, खोटी किंवा उथळ तक्रार करणे, यांना १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यावर रागाच्या भरात तक्रार लिहिण्याआधी प्रश्न ९ मधला पडदा बघून घ्या.